सात नंबरची टाकी

आमच्या तोजींना कॅलिफोर्निया आवडायचं नाही. माणसांबद्दल, जेवणाबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. तक्रार हवेबद्दल होती. "इथं वर्षाला एकच महिना," असं ते मोडक्या इंग्रजीत म्हणत आणि एक बोट वर करून तो महिना दाखवत. मग ते बोट तसंच वर ठेवून थोडा वेळ आकाशाकडे बघत.

तोजी हे काही त्यांचं नाव नव्हे. तांदळाची जपानी दारू, म्हणजे साके, जिथं बनते तिथल्या मुख्य माणसाला तोजी म्हणतात. ज्याच्या हाताखाली सगळे असतात आणि ज्याच्या नाकावर सगळं चालतं, तो. त्यांचं खरं नाव मला पाठ आहे, पण ते इथं लिहिलेलं त्यांना आवडलं नसतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. क्युपर्टिनोहून दक्षिणेला पाऊण तासावर जर्दाळू डबाबंद करायची एक जुनी कॅनरी होती. ती घेऊन एका जपानी कंपनीनं तिथं साकेचा कारखाना काढला होता. तिथल्या लॅबमध्ये मी पाच वर्षं काम केलं. मायक्रोबायॉलॉजीची एम.एस्सी. पदरात घेऊन मी नवऱ्यामागून या देशात आले. त्याला चिप्सच्या कंपनीत नोकरी आणि मला दिवसभर चार भिंती. दोन वर्षांनी ही जाहिरात दिसली. दारूचा कारखाना म्हटल्यावर नवरा म्हणाला, "घे तू. पण मराठी मंडळात सांगत बसू नकोस, यार." तेव्हापासून मी सगळ्यांना सांगत आले, की मी तांदळाच्या कंपनीत आहे. खोटं नव्हतंच ते. फक्त गणपतीच्या पॉटलक जेवणाला एखादी काकू हमखास बाजूला घेऊन विचारायची, "बासमती ठेवतात का गं तुमच्याकडे? एम्प्लॉयी डिस्काउंट असेल ना?" पाच वर्षं मी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं देत राहिले. थकून जायला होई.

तोजी पासष्टीचे असतील. बुटके, रुंद पंजांचे. जपानच्या उत्तरेकडच्या, कमरेएवढं बर्फ पडणाऱ्या गावातले. उन्हाळ्यात शेती करायची आणि हिवाळ्यात साकेच्या कारखान्यात जायचं, असं त्यांच्या घरात पिढ्यान् पिढ्या चालत आलेलं. इथं मात्र बारा महिने साके बनायची, कारण थंडी मशीन पुरवायचं. मशीनच्या थंडीला ते "ऑफिस हिवाळा" म्हणत.

मला ते पहिल्या दिवसापासून "डॉक्टर-सान" म्हणत. सान म्हणजे आपलं राव किंवा ताई म्हणतात तसं. मी डॉक्टर नाही, नुसती एम.एस्सी. आहे, हे मी चार वेळा सांगून पाहिलं. "नॉट येट," ते म्हणाले. म्हणजे अजून नाही. हे दोन शब्द त्यांना सगळीकडे पुरत. भात उकडला का? नॉट येट. जेवलात का? नॉट येट. कॅलिफोर्निया आवडलं का? नॉट येट.

दुसऱ्याच दिवशी आमची ओळख पक्की झाली. मी लंचरूममध्ये डबा उघडला, दहीभात. तोजी दारातून आत येता येता थबकले. माझ्यापासून दहा फूट लांब असतील. नाक वर केलं. मग माझ्यापाशी आले, कमरेत वाकले, दोन्ही हातांनी माझा डबा उचलला आणि चालू लागले. मी मागोमाग. पार्किंग लॉटमध्ये माझ्या गाडीच्या बॉनेटवर त्यांनी तो डबा नीट ठेवला, त्यावर डोक्यावरची टोपी काढून झाकली आणि मला समजावलं, "आत तांदळात छोटे प्राणी. तुझ्या डब्यात छोटे प्राणी. भांडण होणार. तुझे प्राणी स्ट्राँग."

मी मायक्रोबायॉलॉजीची बाई. मला ते पटायलाच हवं होतं. तांदळावर जी बुरशी वाढवतात तिच्या आसपास आंबवलेलं दुसरं काही नको, हा तिथला जुना नियम होता. तरी मनात म्हटलं, घरी खाल्लेलं यांना काय कळतंय? तिसऱ्या दिवशी सकाळी घरून दहीपोहे खाऊन, दात घासून गेले. तोजी फाटकाशीच उभे होते. सहा फुटांवरून म्हणाले, "टुडे. मॉर्निंग. योगर्ट." आणि मला घरी पाठवलं. पाऊण तास येणं, पाऊण तास जाणं. त्यानंतर चार वर्षं मी दही सोडलं. सोमवारी-शनिवारी उपास करणाऱ्या माझ्या आईला मी फोनवर हे सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, "कुठल्या देवाचं गं हे?"

सगळ्या कारखान्यात तोजींची अशी एकच टाकी होती. सात नंबरची. बाकीच्या अकरा टाक्यांमधली साके कंपनीच्या वेळापत्रकानं चाले. ती दोनदा गरम करत: एकदा टाकीत साठवताना आणि एकदा बाटलीत भरताना, म्हणजे बिघडायची भीती नको. सात नंबरमध्ये मात्र तोजी त्यांच्या गावाकडचं वर्ष पाळत. जानेवारीत गाळलेली साके त्या टाकीत जायची. तेव्हा ती कोवळी असते, जिभेला टोचते. वसंतात तिला एकदा गरम करायचं आणि टाकी बंद करायची. मग अख्खा उन्हाळा तिनं झोपायचं. शरद आला, टाकीतला गारवा आणि बाहेरचा गारवा एक झाला, की तिला उठवायचं आणि दुसऱ्यांदा गरम न करता तशीच बाटलीत भरायची. उन्हाळाभर झोपून उठलेली ती साके वेगळीच असते. मी पीत नाही, पण चौथ्या वर्षी एक घोट घेतला होता, हे आता सांगायला हरकत नाही. टोचणं सगळं गेलेलं. पेजेचा ऊबदार वास, त्यात कुठंतरी पिकला पेरू, आणि गिळल्यावर काहीच न बोलता निघून गेल्यासारखी. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, की आपण काय करतो आहोत.

टाकी झोपलेली असली, की तिच्याजवळून जाताना तोजी बूट काढत. तिथं रेडिओ लावायचा नाही, शीळ घालायची नाही, दार आपटायचं नाही. मी लॅबची बाई म्हणून नमुना मागितला, तर म्हणाले, "झोपलेल्याला उठवून ताप बघतात?" त्यामुळे त्या एका टाकीची तपासणी म्हणजे तोजींचं नाक. महिन्यातून एकदा ते तीन पायऱ्या चढून वरचं लाकडी बूच काढत, डोळे मिटून वास घेत आणि बोलत. मी खाली उभी राहून वहीत लिहून घ्यायची. पहिल्या वर्षांची वही बघितली तर त्यात असं काहीबाही आहे: 'पेरू, अजून हिरवा.' 'ओली चटई. चार दिवसांत जाईल.' 'आज रागावलेली आहे, दार कोणी आपटलं?'

आणि तो गोळा! देवदाराच्या डहाळ्यांचा कलिंगडाएवढा गोळा करून ते दारावर टांगत. नवी साके गाळली की हिरवा गोळा लावायचा. तो हळूहळू तपकिरी होत जातो, आणि गावातल्या लोकांना रस्त्यावरूनच कळतं, की आत साके पिकत आलीय. त्यांच्या गावात याला शरद उजाडायचा. आमच्या खोऱ्यातल्या कोरड्या वाऱ्यात तो गोळा तीन आठवड्यांत तपकिरी झाला. तोजी त्याच्यावर इतके चिडले, की रोज सकाळी शिडीवर चढून त्याच्यावर पाणी शिंपडायला लागले. "हा गोळा खोटं बोलतो," ते म्हणायचे. पाच वर्षं त्यांनी त्या गोळ्याला खरं बोलायला लावायचा प्रयत्न केला. गोळा ऐकला नाही.

शरदात दोन चंद्र बघायचे असतात, हे मला त्यांनीच शिकवलं. पहिला पौर्णिमेचा. दुसरा पुढच्या महिन्यातला, पौर्णिमेच्या दोन दिवस आधीचा, तेराव्या रात्रीचा, जरासा अपुरा. पहिला बघितला की दुसरा बघायलाच हवा, आणि त्याच जागेवरून. एकच बघणं वाईट. पहिल्या चंद्राच्या संध्याकाळी ट्रक लागतात त्या धक्क्यावर ते रस्त्याकडेचं उंच तुरेवालं गवत कापून आणून ठेवत, तांदळाच्या पिठाचे गोळे रचत आणि सात नंबरमधली पहिली साके काढत. मी हिशेब केला, तर त्यांचा दुसरा चंद्र बहुतेक आमच्या कोजागिरीच्या दोन दिवस आधी यायचा. मी हौसेनं सांगितलं, की आम्हीही चंद्राखाली बसून आटीव दूध पितो. तोजींनी कपाळाला हात लावला. "आधी दही. आता दूध."

पहिला पेला ते मला देत. मी पीत नाही म्हणूनच. ज्याला प्यायची घाई नाही त्याचं नाक खरं, असं त्यांचं म्हणणं. मी वास घ्यायचा आणि 'येस' म्हणायचं, मग बाकीच्यांनी प्यायचं.

पाचव्या वर्षी कंपनीनं नवा मॅनेजर पाठवला. जपानहून आलेला, तिशीतला, नेहमी टाय लावलेला. वाईट नव्हता. त्याला सात नंबरची टाकी समजत नव्हती, एवढंच. आठ महिने एक टाकी अडवून ठेवायची, तीही माणसाच्या नाकावर? त्यानं तोजींना माझ्यासमोर इंग्रजीतच सांगितलं, बहुधा मला साक्षीला ठेवायचं म्हणून. "या शरदात ही टाकी चांगली निघाली, तर चालू ठेवू. नाही निघाली, तर पुढच्या वर्षीपासून सगळं थर्मामीटरवर. थर्मामीटरला सर्दी होत नाही." आणि थर्मामीटरवर चालणाऱ्या कारखान्याला तोजी लागत नाही, हे न बोलताही सगळ्यांना कळलं. तोजी वाकले आणि बूट काढून टाकीकडे गेले.

त्याच वर्षी मे महिन्यात सांगलीहून माझ्या सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्या. आल्या आठवड्याला त्यांनी ओट्याचा ताबा घेतला, विरजण लावलं आणि माझा डबा भरायला लागल्या. हिंग-मोहरीची फोडणी दिलेला दहीभात.

"आई, मला ऑफिसला दही नको."

"का गं? उन्हाळ्याचं पोटात थंड पडायला नको? आणि तांदळाच्या कंपनीत दहीभाताचं कोणाला वावडं असणार आहे?"

चार वर्षांची थाप माझ्याच गळ्यात आली. डबा फेकवेना. सासूबाई उभं राहून, पाय दुखत असताना तो भात कालवायच्या. मी पार्किंग लॉटमध्ये गाडीच्या काचा वर करून घामाघूम होत तो खायचे, चुळा भरायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे आणि पुदिन्याचं च्युइंग गम चघळत आत जायचे. पहिल्या आठवड्यात तोजी शेजारून गेले. काही बोलले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात खांद्याला खांदा लावून उभे राहिले. काही बोलले नाहीत. मला वाटलं, म्हातारा निवळला. मग वाटलं, गम चांगलं आहे. जुलैत मी मागच्या पायरीवर बसून उघड खायला लागले. घाबरायचाही कंटाळा येतो माणसाला.

जूनच्या तपासणीला तोजी बूच काढून वाकले आणि म्हणाले, "स्लीपिंग वेल." छान झोपलीय. मी लिहिलं. जुलैत म्हणाले, "स्लीपिंग वेल." मी लिहिलं. ऑगस्टमध्ये तेच. तीन ओळी एकाखाली एक, हुबेहूब. ना पेरू, ना चटई, ना राग. मी बाई शास्त्र शिकलेली, रोज मायक्रोस्कोपात डोळा घालून बसणारी, आणि माझ्याच अक्षरातल्या तीन ओळी मला दिसल्या नाहीत.

पहिल्या चंद्राची संध्याकाळ. मॅनेजर आला होता, चार कामगार होते. गवत होतं, पिठाचे गोळे होते. टेकडीमागून चंद्र वर आला. तोजींनी सगळ्यांचे पेले भरले, आपला पेला नाकाशी नेला, डोळे मिटून मान डोलावली आणि हसले. मग माझा पेला माझ्या हातात दिला.

मी नाकाशी नेला आणि दचकून आधी स्वतःची बोटं हुंगली. वाटलं, आज हात नीट धुतले नाहीत. बोटांना साबणाचा वास होता. पुन्हा पेला हुंगला. दोन दिवस ओट्यावर विसरलेल्या दह्याचा वास. टाकी आंबली होती, आणि हे आजचं नव्हतं, महिन्या-दोन महिन्यांचं होतं. मी तोजींकडे पाहिलं. तीच साके नाकाशी धरून ते अजून समाधानानं हसत होते.

त्या क्षणी मला सगळं कळलं. दहीभात, पायरी, खांद्याला खांदा, स्लीपिंग वेल. म्हातारा निवळला नव्हता. म्हाताऱ्याचं नाक गेलं होतं.

मॅनेजर माझ्या 'येस'ची वाट बघत होता. माझ्या तोंडून निघालं, "नॉट येट."

मॅनेजरनं पेला खाली ठेवला. तोजींनी माझ्याकडे पाहिलं. हसू तसंच होतं, पण आतून कोणीतरी उठून गेल्यासारखं. मग त्यांनी आपला पेला गवतावर ओतला. "डॉक्टर-सान म्हणते नॉट येट. म्हणजे नॉट येट." लोकांनी पिठाचे गोळे खाल्ले आणि घरी गेले.

आम्ही दोघंच धक्क्यावर बसलो.

"कशाचा वास?" त्यांनी विचारलं.

"दह्याचा."

त्यांनी मान हलवली.

"कधीपासून येत नाही वास?"

"मार्च. ताप आला. ताप गेला, नाक घेऊन गेला." मग म्हणाले, "वाटलं, परत येईल. रोज सकाळी बघायचो. नॉट येट. नॉट येट."

मग मीही सांगून टाकलं. सासूबाई, डबा, गाडीतल्या बंद काचा, सगळं. ते आ वासून ऐकत होते. "रोज?"

"रोज. हिंग घालून."

हिंग काय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण ते हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मला मात्र रडू येत होतं. "माझ्यामुळे तर नाही ना आंबली?" मी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं. इतक्या कडक साकेत दह्यातले जंतू तग धरत नाहीत. तिला आंबवणारे जंतू वेगळे असतात, नळीच्या एखाद्या जुन्या रबरात दडून बसलेले. तरी मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं.

"तुझे प्राणी स्ट्राँग," ते म्हणाले. "इतके नाही."

पण माझं मन निवलं नाही, आजही निवत नाही. मी जूनमध्ये एकदा जरी घाबरून कबूल केलं असतं, की तोजी, मी दही खाल्लंय, तर त्यांना त्याच दिवशी कळलं असतं, की आपल्याला समोरचं दही कळत नाही. त्यांनी टाकी माझ्या हवाली केली असती. तेव्हाच पुन्हा गरम करून ती वाचवता आली असती. मी सुटले, सुटले म्हणत तीन महिने डबा खात राहिले.

मी त्यांना सुचवलं, की मॅनेजरला उकाड्याचं कारण देऊ. नळीचं देऊ. "नो," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते स्वतः मॅनेजरच्या खोलीत गेले आणि दोन मिनिटांत बाहेर आले. मग माझ्याकडून वही आणि पेन घेऊन ऑगस्टच्या ओळीखाली जपानीत काहीतरी लिहिलं. मी अर्थ विचारला. "टाकी नाही," ते म्हणाले, "राखणदार झोपला होता."

सात नंबर त्यांनी स्वतः रिकामी केली. अनवाणी उभं राहून, नळी हातात धरून, शेवटचा थेंब जाईपर्यंत. मॅनेजरनं मदतीला माणसं पाठवली, ती त्यांनी परत पाठवली. मॅनेजर दाराशी टाय सैल करून उभा होता. त्यालाही बरं वाटत नव्हतं, हे मला त्याच्या बाजूनं सांगायला हवं.

दुसऱ्या चंद्राला अकरा दिवस असताना तोजी निघाले. मी म्हटलं, थांबा ना तेवढे, एकच चंद्र वाईट म्हणता ना? त्यांनी तिकीट दाखवलं. ते कंपनीनं काढलं होतं आणि कंपनीला चंद्र ठाऊक नव्हता. सामान एका पिशवीत मावलं. पार्किंग लॉटमध्ये माझ्या गाडीपाशी येऊन त्यांनी माझा डबा मागितला. मी उघडून दिला. त्यांनी तो पहिल्या वेळेसारखाच दोन्ही हातांनी धरला, नाक अगदी भातापर्यंत नेलं आणि डोळे मिटले. बराच वेळ तसेच उभे राहिले.

मग डबा मला परत दिला. "नॉट येट," म्हणाले, कमरेत वाकले आणि व्हॅनमध्ये जाऊन बसले.

दुसऱ्या चंद्राच्या संध्याकाळी मी नवऱ्याला काहीतरी कारण सांगून गाडी काढली आणि पाऊण तास ड्राइव्ह करून त्या धक्क्यावर जाऊन उभी राहिले. गोळा दारावरच होता, वाळून खडखडीत. चंद्र आला. एका बाजूनं जरासा चेपलेला.

सहा महिन्यांनी मी नोकरी सोडली. पुढं सासूबाई वारल्या, तोजीही गेल्याचं मॅनेजरनं एका कार्डावर कळवलं. कॅनरी पाडून तिथं ऑफिसं झाली, धक्का राहिला नाही. आता गुडघ्यांमुळे मी फार लांब जात नाही. तेराव्या रात्री घराच्या मागच्या अंगणातच खुर्ची टाकते. पूर्वेकडची टेकड्यांची रांग तीच आहे, तेवढ्यावर भागवून घेते. नवरा दरवर्षी आतून हाक मारतो. पस्तीस वर्षं झाली, दरवर्षी तीच.

"अगं, बाहेर काय बसलीस गारठ्यात? कोजागिरी परवा आहे!"

"माहीत आहे," मी म्हणते. "हा चंद्र माझा नाही."